ओल्या सारवणाचा दिवस

डॉक्टर त्र्यंबकरावांना साठ वर्षं झाली म्हणून पुस्तक निघतंय आणि त्यात माझ्यासारख्या दुसरीपर्यंत शिकलेल्या बाईनं लिहायचं, हा आनंद पोटात मावत नाही. नात म्हणाली, "आजी, मी शुद्ध करून देते." मी म्हटलं, राहू दे. पण लिहायला बसले तर आधी लाजच वर येते.

त्यांची पहिली ओळख पारोळ्यात, प्लेगच्या साली. घरात उंदीर मरून पडला की घर सोडून शेतात झोपडीत राहायचं, असा हुकूम. माझ्या कोठीमागे पडला. वाटलं, देवी कोपली, म्हणजे पाप माझंच! गुपचूप उकिरड्यात पुरला नि जमीन सारवून काढली. डॉक्टर शिपाई घेऊन घरं तपासायला नि प्लेगची लस टोचायला आले. ओल्या जमिनीकडे बघून म्हणाले, "अक्का, आज कसला सण?"

मी त्यांनाच शिव्या घातल्या. वर विहिरीवर जाऊन शेजारच्या भागीरथीला सांगितलं, "त्या सुईमा जहर शे वं बाई!"

"मंग मी बी नई," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर शिपायाला न घेता एकटेच आले, ओट्यावर बसले. रागावले नाहीत. म्हणाले, "उंदीर दिसला तेव्हा आधी मनात काय आलं?" मी रडले, उंदराचं सगळं ओकले. ते मनाबद्दलची जाडजाड पुस्तकं वाचत. म्हणाले, "अक्का, भीती मनाला सोसत नाही. मग मन तिला रागाचं लुगडं नेसवतं आणि माझ्यासारख्याच्या अंगावर धाडतं." तेव्हापासून गावोगाव ते आधी माणसाचं ऐकत, मग सुई काढत.

मी टोचून घेतलं, झोपडीत गेले. भागीरथीकडे मात्र गेले नाही. कालचे शब्द आज कोणत्या तोंडानं परत घ्यायचे? ती आठ दिवसांत प्लेगनं गेली. तिची लेक तान्ही होती.

पुढे डॉक्टरांबरोबर दारोदार टोचलेला दंड दाखवत हिंडले, उंदराची गोष्ट हसून हसून सांगितली. भागीरथीची कधीच नाही, त्यांनासुद्धा नाही. आज पहिल्यांदा लिहिते आहे.

डॉक्टरसाहेब, तुमची तब्येत खणखणीत राहो, तुम्ही शंभरी गाठा. माझं आयुष्य तुम्हाला लागो म्हणणार होते, पण ते सगळं माझंच आहे असं म्हणायला जीभ रेटत नाही. भागीरथीची लेक अमळनेरला दिली आहे, हे पुस्तक ती वाचेल. ती आली तर तुमच्यासारखी ओट्यावर बसवीन, तिचं ऐकून घेईन. या वेळी जमीन सारवलेली नाही.