वासाला ड्यूटी लागत नाही

कस्टम्समध्ये नोकरी केली म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला. "सोनं पकडलंत का हो कधी?" पकडलं की! पण खरं सांगू का, सोनं कुणाचं, कुठे लपवलेलं, काही म्हणजे काही आठवत नाही. आठवतात त्या भलत्याच बॅगा. रोज लोकांचं सामान उघडायचं म्हणजे त्यांचं घरच उघडल्यासारखं असतं. संध्याकाळी आपण हात धुऊन निघतो, पण काहीतरी चिकटून येतंच!

नव्वदच्या दशकाचा शेवट. बेंगळुरूचं विमानतळ तेव्हा देवनहळ्ळीला गेलं नव्हतं, जुनंच होतं, आणि आखाताची विमानं नुकतीच थेट उतरायला लागली होती. मी पुण्याची. नवरा पुण्यात कॉलेजात शिकवत होता आणि मी इथे इन्स्पेक्टर म्हणून एकटी, येलहंक्याला भाड्याच्या खोलीत. दिवसभर हिंदी, इंग्रजी आणि मोडकं कन्नड. मराठी बोलायचं ते फक्त एसटीडी बूथमध्ये, मीटरकडे बघत बघत!

त्यामुळे पहिल्या दिवशी आमच्या सुपरिंटेंडंटनी चक्क मराठीत "या अक्का, बसा" म्हटलं तेव्हा मी बसता बसता उठलेच. दत्तोजीराव त्यांचं नाव, पण सगळे अण्णा म्हणायचे. पांढरा युनिफॉर्म, पांढऱ्या मिशा. मी जी बोलत सुटले, ती थांबेचना. अण्णांनी हात वर केला.

"स्वल्प हळू, अक्का. तुमचं मराठी लई जोरात पळतं!"

मी विचारलं, "अण्णा, तुम्ही महाराष्ट्रातून इकडे कधी आलात?"

"आमचे लोक घोड्यावरनं आले. तीनशे वर्सं झाली असतील."

"मग परत जावंसं नाही वाटलं कुणाला?"

अण्णा गंभीरपणे म्हणाले, "वाटतं की. पण बदलीची ऑर्डर अजून निघाली नाही!"

*

एकदा दुबईच्या विमानातून एक गवंडी उतरला. तुमकूरकडचा. बॅग उघडली तर आत लहान मुलींचे फ्रॉकच फ्रॉक. सगळे कोरे, लेबलं लावलेले. मी खूश. घरच्या वापराचं म्हणून विकायचा माल आणणारे रोज भेटायचे. चांगलं सापडलं म्हटलं गिऱ्हाईक!

"मुली किती तुम्हाला?"

"एकच आहे, मॅडम."

"एका मुलीला एवढे फ्रॉक? दुकान आहे का?"

 अण्णा उठून आले. त्यांनी एकेक फ्रॉक काढून टेबलावर शेजारी शेजारी मांडला. पहिला तळहाताएवढा. दुसरा त्याहून थोडा मोठा. तिसरा त्याहून मोठा. असं करत करत शेवटचा टेबलाच्या कडेखाली लोंबायला लागला.

गवंडी खाली मान घालून म्हणाला, "दर वाढदिवसाला एक घेत गेलो, सर. पाठवायला कुणी भेटलं नाही."

व्यापारी माल कसा ओळखायचा, याची परीक्षा पास करून मला नोकरी लागली होती. व्यापारी माल सगळा एकाच मापात नसतो, म्हणजे एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मलाही माहीत होतं. तरी मी पावतीपुस्तक मिटलं. अण्णांनी फ्रॉकच्या घड्या घालून दिल्या आणि बॅगेवर खडूने पास झाल्याची खूण केली.

तो गेल्यावर म्हणाले, "शेवटचा तरी बसू दे पोरीला."

*

आमचा हवालदार नंजुंडय्या. कोलारकडच्या कोरड्या गावातला, घरची जमीन विकून शहरात आलेला. एकदा परदेशी निघालेल्या एका सुटाबुटातल्या माणसाची सुटकेस त्याने टेबलावर ठेवली. ठेवली आणि सुटकेस आपोआप इंचभर सरकली!

"ह्यात काय आहे?" मी विचारलं.

"खेळणी. पुतण्यासाठी."

आतून खरर्र खरर्र आवाज. नंजुंडय्याने सुटकेसला कान लावला आणि म्हणाला, "सार, बॅटरी तरी काढून ठेवायची!"

आत मोज्यांमध्ये कोंबलेली कासवं. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेली ती रानातली कासवं, जी देशाबाहेर न्यायला सक्त बंदी आहे. माणूस अटकेत गेला आणि वनखात्याची गाडी येईपर्यंत आमच्या ऑफिसभर कासवं! नंजुंडय्याने डब्यातला कोबी काढून त्यांना घातला. आमच्या शेताच्या बांधावर असली यायची, म्हणाला, पाऊस पडला की.

दुपारी गाडी आली. वनखात्याचा माणूस म्हणाला, सरकारी परवानगी मिळाली की कोलारच्या बाजूला सोडू.

नंजुंडय्या गाडी वळेपर्यंत दारात उभा होता. मग म्हणाला, "मॅडम, ह्यांची तरी झाली बदली गावाला!"

*

फेब्रुवारीत कार्गोच्या शेडमध्ये ड्यूटी लागली की डोळे निवायचे. देवनहळ्ळीकडचे एक गौडा, पॉलिहाउसमधले लाल गुलाब हॉलंडला पाठवायचे. प्रेमिकांच्या दिवसासाठी! नमुन्याची खोकी उघडून बघणं भाग, आणि खोकं उघडलं की थंडावा जाणार. गौडा शेजारी उभे राहून घाई करायचे, आपलं एकच, "बेग, मॅडम, बेग! फुलं जागी होतात!"

एके दिवशी मी अशा गुलाबांनी भरलेल्या शेडमध्ये सकाळपासून उभी होते. सगळे दुसऱ्या कुणाकुणासाठी. संध्याकाळी बूथवरून नवऱ्याला फोन लावला आणि सांगितलं.

"मग एखादं ठेवायचंस ना माझ्यासाठी!"

"वेडा आहेस का? एक्स्पोर्टचा माल आहे तो!"

 मग म्हणाला, "बरं. मग मी हॉलंडला जाऊन उभा राहतो!"

मी हसले. बूथवाल्याने काच वाजवली तेव्हा कळलं की डोळे पुसायचे राहिलेत.

*

आणि मेतकुटाच्या काकू! इथे मुलाकडे राहून अमेरिकेला निघाल्या होत्या, मुलीच्या बाळंतपणाला. बॅगेत प्लॅस्टिकच्या पिशव्या, तपकिरी-पिवळट पावडरीच्या. त्या दिवसांत पावडर म्हटलं की आम्ही सावध. अमली पदार्थांची तपासणी आमच्याकडेच. काकूंना बाजूला घेतलं. त्यांना हिंदी धड येईना, इंग्रजी तर नाहीच. नंजुंडय्या कन्नडमधून दटावतोय, त्या पुन्हा पुन्हा पासपोर्ट पुढे करतायत.

मी पिशवीची गाठ सोडली. आणि काय सांगू, आईचं स्वयंपाकघरच समोर आलं. मऊ भात, वर तूप, ताटलीच्या कडेला लिंबाचं लोणचं.

"काकू, हे मेतकूट ना?" मी मराठीत म्हटलं.

"अगं बाई! आपली आहेस होय?" काकूंनी माझा हातच धरला. "घरी कधी गेली होतीस?"

"दिवाळीला."

"घे गं यातलं थोडं. मुलीला काय, पुरेल."

"नाही हो घेता येत, काकू. ड्यूटीवर आहे."

काकूंनी पिशवी उचलून माझ्या नाकाशी धरली. "मग वास तरी घे. त्याला नाही ना लागत ड्यूटी!"

*

आता हा शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही.

अण्णांना एक मुलगी होती. हे मला नंजुंडय्याने सांगितलं. तिने स्वतःच्या मनाने लग्न केलं, परक्या जातीत, आणि नवऱ्याबरोबर मस्कतला गेली. अण्णांनी घरात तिचं नाव घ्यायचं नाही म्हणून सांगितलं. बायकोने गयावया केली, तरी नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "आम्हाला पोरंबाळं नाहीत."

पण मस्कतचं विमान आलं की अण्णा केबिन सोडून स्वतः काउंटरवर येऊन उभे राहायचे. सुपरिंटेंडंटला काउंटरवर उभं राहायचं काही कारण नसतं. 

एका सकाळी रांगेतून एक तरुण बाई ट्रॉली ढकलत त्यांच्यासमोर आली. कडेवर वर्षा-दोन वर्षांची मुलगी. ती अण्णांना बघून थांबली ती थांबलीच. मागचे लोक कुरकुरायला लागले.

"पासपोर्ट," अण्णा म्हणाले.

तिने दिला. अण्णांनी तो उघडला. आपल्याला पाठ असलेलं नाव माणूस किती वेळ वाचेल?

"बॅग उघडू?" तिने विचारलं. 

अण्णांनी हातातला खडू खाली ठेवला.

"अक्का, स्वल्प इकडे या. हे सामान तुम्ही तपासा."

"का अण्णा?" मी म्हटलं. "तुम्ही आहात ना?"

अण्णा माझ्याकडे बघत होते, पण बोलले मोठ्याने. सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं.

"मला चालत नाही. घरच्या माणसांचं सामान अधिकाऱ्यानं तपासायचं नसतं. नियम आहे."

बॅग मी तपासली. नीट, तळापर्यंत, लावता येईल तितका वेळ लावून. अण्णा तोवर छोटीला कडेवर घेऊन भिंतीकडे तोंड करून उभे होते, आणि ती त्यांच्या खांद्यावरचे पितळी तारे ओढून ओढून बघत होती.