तिच्या नावावर मी लिहिलेली मतं

आमच्या नवघरच्या ज्येष्ठ नागरिक संघाचं एक छोटं त्रैमासिक निघतं. त्यात मी बरीच वर्षं नाटकांवर लिहिलं. परीक्षण म्हणता येणार नाही. पाहिलं, काय वाटलं, एवढंच. आता संघाने त्या लेखांची पुस्तिका काढायचं ठरवलंय. ती छापली जाण्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. शेवटच्या पाच लेखांत 'सौ. म्हणाली' म्हणून जे आहे ते माझं आहे. त्या पाचही नाटकांना ती आली नव्हती. मी तिला नेलं नव्हतं. ती आता नाही, त्यामुळे हे सांगणारा मी एकटाच उरलोय.

नाटकाचं वेड मुळात तिचं. ती गिरगावातली. भाईंदरला घर घेतलं तेव्हा तिने पाणी किती वेळ येतं हे विचारलं नाही, इथून नाटकाला कसं जायचं हे विचारलं. पेपरातली नाटकांच्या जाहिरातींची पानं ती पेन्सिल घेऊन वाचायची. पहिली काही वर्षं मी तिच्या शेजारी बसून जांभया दिल्या. निवृत्त होईपर्यंत मलाही चटक लागली होती.

लेखांत लोकांना आवडायची तीच. एका फार्सविषयी मी मोठा परिच्छेद लिहिला होता, लेखन, वेग, वगैरे. ती म्हणाली होती, "एवढी दारं, आणि एकालाही कडी नाही." लोकांच्या लक्षात राहिलं ते हेच. एका संगीत नाटकात नवीन गायिका होती. तयारीची, पण प्रत्येक पद धावत संपवत होती. ही माझ्या मनगटावर ताल धरून बसली होती. मध्येच ताल सोडून म्हणाली, "बाहेर रिक्षा थांबवून ठेवलीय का हिने?" तेही मी छापलं. संघात मला कुणी भेटलं की विचारायचं, "काय, यंदा वहिनींनी कुणाला हाणलं?"

मग तिला ऐकू येईनासं झालं. हळूहळू. आधी वाद्यांतलं ऑर्गन गेलं, मग बायकांचे आवाज, मग हलक्या आवाजातली वाक्यं. कानाचं यंत्र आणलं, पण ते नाट्यगृहात बारीक शिट्टी मारायचं, म्हणून ती बंद करून बसायची आणि मला विचारायची. स्वतःचा आवाज किती मोठा लागतोय हे तिला कळत नव्हतं.

ठाण्याला एक नाटक होतं, दुपारचा प्रयोग. दोन भाऊ आईच्या पश्चात घर आवरताहेत. थोरला आईची साडी हातात घेऊन काहीतरी पुटपुटतो आणि गप्प होतो. ती शांतता त्या नटाने फार सुंदर धरली होती. नाट्यगृहात कुणी हलत नव्हतं. आणि ही म्हणाली, "काय म्हणाला हो?"

तो नट वळला. साडी तशीच हातात. म्हणाला, "आजोबा, सांगून टाका आजींना. आम्ही थांबतो."

सगळं नाट्यगृह हसलं. टाळ्या पडल्या. लोक हसताहेत म्हणून तीही हसली, तिनेही टाळ्या वाजवल्या. मग माझ्याकडे वाकून विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. विनोद झाला."

परत येताना घोडबंदर रस्त्याने बस वरसाव्याला अडकली. तिने पुन्हा विचारलं, "तो आपल्याकडे बघून काय म्हणाला?"

"एसी चालत नाहीये म्हणाला."

"मग त्यात एवढं हसण्यासारखं काय?"

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. मला तिची दया आली असती तर बरं झालं असतं. मला लाज वाटत होती, आणि ती तिचीच वाटत होती.

त्यानंतरच्या नाटकावर तिने पेन्सिलीने खूण केली तेव्हा मी म्हटलं, "प्लॅन फुल्ल झाला."

"सगळाच्या सगळा? मागची रांगसुद्धा?"

"मागचीसुद्धा."

"बरं," ती म्हणाली. "मराठी नाटकाला चांगले दिवस आले म्हणायचे."

मी एकटा गेलो. संघाची सभा आहे असं सांगून. तिने मला इस्त्रीचा शर्ट काढून दिला. नाटक चांगलं होतं. एकट्याने निवांत पाहिलं, कुणी काही विचारलं नाही, आणि मध्यंतरात मला बरं वाटत होतं हेही इथे लिहितो.

लेख लिहायला बसलो तर तो कोरडा झाला. लोक तिचं मत शोधणार, हे माहीत होतं. मग मी एक मत तयार केलं आणि तिच्या नावावर घातलं. कुणालाही शंका आली नाही. अंक घरी येई तो मी कपाटात वर टाकत असे. असे पाच लेख झाले.

पाचवं नाटक जुनं, नव्या संचात आलेलं. बायकोला टाकून गेलेला नवरा बारा वर्षांनी दारात येतो. तिसऱ्या अंकात ती त्याला माफ करते. मी लिहिलं, 'सौ.च्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, बाईचं मन असंच मोठं असतं.' तिने जन्मात असलं वाक्य उच्चारलं नसतं.

ती गेल्यावर दोन महिन्यांनी मी तिचं वाचनालयातलं खातं बंद करायला गेलो. तिथल्या ग्रंथपाल बाई चाळिशीच्या, बोलक्या. कार्ड काढता काढता म्हणाल्या, "काका, एक विचारू? काकूंना विचारायचं राहून गेलं."

"विचारा ना."

"त्या नाटकाचा शेवट बदललाय का हो आता?"

"कुठल्या?"

त्यांनी त्याच नाटकाचं नाव घेतलं. "त्याची संहिता आहे ना आपल्याकडे. काकूंनी तीनदा नेली. प्रत्येक नाटकाचं पुस्तक असलं की न्यायच्या. म्हणायच्या, आधी पाठच करून ठेवते, म्हणजे ह्यांना मध्ये मध्ये विचारायला नको. ह्यांना अवघडल्यासारखं होतं. आता तिकिटं मिळाली की झालं."

त्यांनी कार्ड माझ्यासमोर ठेवलं.

"म्हणून विचारलं. पुस्तकातला शेवट त्यांना पटला नव्हता. मला इथे उभ्या राहून सांगितलं होतं, ती बाई दार उघडेल, चहासुद्धा टाकेल, पण माफ नाही करणार. आणि मग तुमच्या लेखात उलटंच. अंक येतो ना आमच्याकडे. काकूंनी इथेच बसून वाचला. मी म्हटलं, काकू, पाहून आलात वाटतं? तर म्हणाल्या, हो, ह्यांनी लिहिलंय तसंच."

"तसंच म्हणाली?"

"हो. मग पुस्तक परत केलं. दुसरं काही नाही नेलं त्या दिवशी."

त्यानंतर ती चार महिने होती. मला त्या चार महिन्यांतलं काही आठवतंय का, हे मी पुन्हा पुन्हा चाचपून पाहिलं. जाहिरातींचं पान तिने वाचायचं सोडलं होतं, हे आठवलं. डोळे दुखत असतील असं मी तेव्हा धरून चाललो होतो. बाकी चहा वेळेवर होता, बोलणं होतं, टोमणेही होते. शर्टांना इस्त्री होती.

पुस्तिकेचं काम बघणाऱ्या चिटणीस बाई परवा घरी आल्या होत्या. मी त्यांना हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "काका, राहू द्या ना. वाचणाऱ्यांना छान वाटतं. काकूंनीसुद्धा हो म्हटलं होतं की."

म्हणूनच राहू देणार नाही, असं मी म्हटलं.

चार लेखांतली तिच्या नावाची वाक्यं मी लाल पेनने खोडली. तिथे तिचं मत काय असतं ते मला माहीत नाही, तेव्हा जागा मोकळी. पाचव्यात मात्र तिचं मत आहे, ग्रंथपाल बाईंना सांगितलेलं, ते तिच्याच शब्दांत खाली लिहिलं. ती बाई दार उघडेल, चहासुद्धा टाकेल, पण माफ नाही करणार.

चिटणीस बाईंनी कागद वाचून विचारलं, "आणि वर तुमचं आहे ते? शेवट हृदयस्पर्शी आहे म्हणून?"

"ते काढा," मी म्हटलं. "नाटक तिने नीट वाचलं होतं."