कुडपणच्या दवासंबंधी खुलासा

“कुडपण येथील आकाशदर्शनात दुर्बिणीवर दव साचले असता एका ज्येष्ठ सदस्यांनी भावनेच्या भरात भिंग उपरण्याने पुसले व त्यावर कायमचे डाग पडले.”

महाडच्या आमच्या आकाशप्रेमी मंडळाच्या अहवालातले हे वाक्य. ज्येष्ठ सदस्य म्हणजे मी. या वाक्याच्या आधारे दुर्बिणीच्या कपाटाची किल्ली माझ्याकडून काढून चिटणिसांकडे देण्यात आली. ती मला परत हवी आहे.

भिंग मी पुसले, हे खरे. भावनेच्या भरात नव्हे.

पौष महिना होता. पोलादपूरहून चढून आम्ही ऊन असतानाच कुडपणला पोचलो. ज्यांच्या खळ्यावर दुर्बीण मांडायची होती, त्या शेतकऱ्यांनी चहा ठेवला. दुर्बीण लगेच बाहेर काढा, असे मी चिटणिसांना सांगितले. दिवसभर तापलेली नळी बाहेरच्या हवेइतकी निवायला तासभर लागतो. तोवर ग्रह आधणातल्या तांदळासारखा नाचत राहतो. चिटणीस कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतात. शाळेत ते माझ्याकडे शिकले. आधी चहा होऊ दे, म्हणाले. चहानंतर पोहे झाले.

भिंगापुढे बसवायला मी जुन्या काळ्या चटईचा हातभर गुंडाळा शिवला होता. त्याने भिंग उघड्या आकाशाखाली लवकर गार पडत नाही आणि दव उशिरा धरते. तो महाडलाच ठेवण्यात आला होता. लोकांसमोर बरा दिसत नाही, हे कारण मला खळ्यावर कळले.

अंधार पडून फार वेळ झाला नव्हता, तोच शनी धूसर झाला. गावातली माणसे रांगेत उभी होती. मी उपरण्याच्या धुतलेल्या, मऊ टोकाने भिंग दोनदा टिपले. तिसऱ्यांदा टिपले नाही, कारण दव पुन्हा धरतच होते. कार्यक्रम तिथेच आवरला.

त्यानंतरचे अहवालात नाही. गार पडलेली नळी, मागची डोळा लावायची काच काढलेली, तशीच उघड्या तोंडाने जीपमध्ये ठेवली गेली. थंडी वाजते म्हणून सारे आत बसले, काचा वर केल्या आणि ड्रायव्हरचे जेवण होईपर्यंत गप्पा मारल्या. इतक्या माणसांच्या श्वासाची वाफ त्या गार नळीत शिरली. निघताना चिटणिसांनी पुढचे-मागचे झाकण घट्ट लावले.

शेतकरी टॉर्च धरून उभे होते. ते म्हणाले, “ओला भात कणगीत भरत नाय आमी. तुमी हे ओलंच कोंडता?”

“काका, हे भात नाही,” चिटणीस हसून म्हणाले.

घरी पोचल्यावर झाकणे काढून नळी पूर्ण वाळू द्या, असे मी बजावले. उद्या बघतो, सर, असे उत्तर मिळाले. दुर्बिणीची पेटी त्यांच्याच घरी राहिली आणि महाडचा सगळा पावसाळा काढून दसऱ्याला उघडली. डाग तेव्हा दिसले. त्यांची कारणमीमांसा माझ्या गैरहजेरीत झाली.

गेल्या बैठकीत मी चिटणिसांनाच भिंगाभोवतीची कडी फिरवून भिंग बाहेर काढायला लावले. मी हात पाठीमागे बांधून उभा होतो. त्यांनी समोरून ओला कापूस फिरवला. डाग होता तसाच राहिला. मागून फिरवला, तेव्हा कोळिष्टकासारखा एक तंतू कापसाला चिकटून आला. ती बुरशी होती. मग एकाने, दोन्ही कारणे असू शकतील, असा तोडगा काढला. तो मला मान्य नाही.

उपरणे भिंगाच्या बाहेरच्या बाजूला लागले होते. डाग सगळेच्या सगळे आतल्या बाजूला आहेत.