तारवाल्यांची सुजाता

यंत्र बंद पडलं की सुजाता आधी त्याचा वास घ्यायची. वीज मोजायचा मल्टीमीटर तिच्या ॲप्रनच्या खिशातच असायचा, पण त्याची पाळी नंतर. आधी ती वाकायची, ओढणी खांद्यावरून मागे टाकायची आणि सर्किटजवळ नाक नेऊन डोळे मिटायची. वरण बुडाला लागलं की काय हे बघायला घरच्या बाया पातेल्यावर वाकतात, तशी. मग सरळ उभी राहून निकाल द्यायची, "जळलं नाई. म्हंजे तुमचं हाय."

'तुमचं' म्हणजे आम्हा प्रोग्रॅमवाल्यांचं. यवतमाळच्या आमच्या कॉलेजच्या जुन्या वर्कशॉपला लागून एक पत्र्याची खोली होती, तिथे आमची रोबोटिक्सची टीम बसायची. खिडकीजवळचं टेबल आमचं. दाराजवळचं टेबल इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचं, कारण सोल्डरिंगचा धूर बाहेर जायला पाहिजे. मधल्या बाकावर यंत्र, म्हणजे सीमेवरचं गाव. आम्ही त्यांना तारवाले म्हणायचो, ते आम्हाला टायपिस्ट. दोष ज्या बाजूचा निघेल त्यांनी कॅन्टीनमधून चहाची किटली आणायची, असा नियम होता. सुजाताच्या नाकावर विश्वास ठेवला असता तर सगळी वर्षं किटली आम्हीच वाहिली असती. "बसून बसून कंबर धरली असन तुमची," ती म्हणायची. "जा, पाय मोकळे करून या."

मी म्हणायची, "प्रोग्रॅम नसला तर तुझं यंत्र म्हणजे चाकं लावलेलं भंगार आहे."

"अन् तार नसन तं तुहा प्रोग्रॅम म्हंजे निबंध हाय. दहापैकी सात मार्क."

खोलीत आम्ही अशा भांडायचो आणि हॉस्टेलवर एकाच खोलीत राहायचो. पहिल्या दिवशी तिनं विचारलं होतं, "कोन्त्या गावची वं तू?" मी राळेगावकडची म्हटलं. तेव्हापासून मी राळेगाव झाले. माझं नाव वैशाली आहे हे तिला माहीत होतं, पण ते तिनं कधी वापरलं नाही. ती फुलसावंगीच्या पलीकडच्या एका खेड्यातली. तिच्या घरी सकाळी बुद्धवंदना व्हायची, आमच्या घरी आरती. बाकी घरं सारखीच. दोन्हीकडे कपाशी, तूर, सोयाबीन, आणि दोन्हीकडे कॉलेजचं तोंड पाहणारी पहिली पोरगी. मला याचा अभिमान वाटतो आणि मी तो लपवत नाही. कोणती शाखा घ्यायची हे विचारायला आम्हाला घरात कोणी नव्हतं. मी कॉम्प्युटर घेतलं, कारण शेजारच्या मुलीनं घेतलं होतं. सुजाताचं तसं नव्हतं. शाळेत असतानाच ती गावातले बॅटरीवर चालणारे फवारणी पंप उघडून बसायची. बिघडलेला पंप घेऊन लोक तिच्या ओट्यावर यायचे. ती आधी पंपाला शिव्या द्यायची, मग मालकाला, मग दुरुस्त करायची.

आम्ही शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा जिल्ह्यात कपाशीची फार वाईट दशा होती. बोंडं बाहेरून चांगली दिसायची आणि आतून किडलेली निघायची. लोक फवाऱ्यावर फवारे मारत होते. त्या औषधानं माणसंच आजारी पडायला लागली. सुजाताचे वडील दादाराव काका स्वतःच्या वावरात फवारायचे आणि दुसऱ्यांच्याही वावरात मजुरीनं जायचे. एका दुपारी ते धुऱ्यावर, वावराच्या बांधावरच बसले, मग त्यांना उठताच येईना. त्यांना यवतमाळला दवाखान्यात आणलं. आम्ही मेसमधून डबा घेऊन जायचो. वॉर्डात त्यांच्यासारखेच बरेच जण होते. काकांना समोरचं सगळं धुरकट दिसत होतं, सुजाताला ते आवाजावरून ओळखत होते.

डोळे जरा निवळले तेव्हा ते म्हणाले, "पुढल्या साली लहान पंप घेऊ. हलका पडते."

फवारणी सोडतो असं ते म्हणाले नाहीत. कसे म्हणणार? कपाशी पेरायचीच होती, आणि पेरली की फवारणं आलंच.  सुजातानं डब्याचं झाकण लावलं आणि आम्ही निघालो.

दुसऱ्या दिवशी ती खोलीत आली तेव्हा फळ्यावर आमच्या यंत्राचं चित्र होतं. नागपूरला स्पर्धा होती, विषय शेतीचा होता, आणि रंगीत चेंडू वेगळे करून टोपलीत टाकणारं यंत्र आम्ही अर्धं बनवलं होतं. तिनं फळा पुसला. मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'माणूस मागं, पंप पुढं.'

"कपाशीच्या दोन ओळींमधून गाडी चालली पाह्यजे," ती म्हणाली. "पंप गाडीवर, माणूस दूर मागं. पुढल्या सालच्या फवाऱ्याच्या आत. बाबाच्या पाठीवर पंप चढाच्या आत."

आमच्या बाजूचा अक्षय म्हणाला, "पण स्पर्धा तर हॉलमध्ये आहे. फरशीवर."

"फरशीवर कपाशी कोन पेरते रे?"

 चेंडू कपाटात गेले ते तिथेच राहिले.

गाडी तयार व्हायला हिवाळा गेला. सांगाडा वर्कशॉपमध्ये जोडला, चाकं लहान मुलांच्या सायकलची, टाकी जुन्या पंपाची. आम्ही टायपिस्टांनी ती व्हरांड्यात सरळ रेषेत चालवून दाखवली आणि स्वतःवर खूश झालो. सुजातानं वावरातली काळी माती पोत्यात भरून आणली आणि व्हरांडाभर ओतली. गाडी तिथल्या तिथे फसली. आमचे सर आले, मातीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "हे काय आहे?"

"प्रॅक्टिकल, सर," ती म्हणाली.

सरांनी झाडू मागवला आणि तिच्याच हातात दिला. झाडताना ती आम्हाला ऐकू येईल असं म्हणाली, "मातीले टायपिंग समजत नाई, हे तं समजलं यायले."

नागपूरला जायच्या आदल्या दिवशी गाडी डावीकडे ओढत होती. मला वाटलं, डावी मोटर कमजोर आहे, आणि हे तारवाल्यांना सांगितलं तर संध्याकाळ भांडणात जाईल. मी गुपचूप प्रोग्रॅममध्ये उजवं चाक थोडं हळू केलं. तारवाल्यांना जे जमलं नाही ते आम्ही घरबसल्या केलं, असं नंतर ऐकवायचं होतं. गाडी तोवर खोक्यात बांधलेली होती, म्हणून चालवून पाहता आली नाही. सकाळी तिथे पोहोचल्यावर नवा प्रोग्रॅम चढवला आणि आम्ही परीक्षकांसमोर उभे राहिलो.

गाडी निघाली आणि तडक उजवीकडे वळली. आयोजकांनी मांडलेल्या कुंड्या तिनं आडव्या केल्या, शेजारच्या टीमच्या टेबलाखाली शिरली आणि टेबलक्लॉथ गुंडाळून घेतला. पंप चालूच होता. टाकीत पाणी होतं म्हणून बरं, कारण ते सगळं एका परीक्षकांच्या बुटांवर गेलं.

बाहेर पायऱ्यांवर येऊन आम्ही एकमेकींवर तुटून पडलो. तुझ्या तारा, तुहा प्रोग्रॅम, सगळं झालं. मधेच सुजाता थांबली.

"ऐक. मी काल खोक्यात बांधाच्या आंधी डावी मोटर बदलली."

"मला सांगितलं नाहीस."

"कायले सांगू? तुम्ही म्हनले असते, पाह्य, तारवाल्यांचंच होतं." मग तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं. "तू बी केलं काही?"

"उजवं चाक हळू केलं."

ती पायरीवर बसली आणि हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. एकीनं डावं चाक जोरात केलं होतं, दुसरीनं उजवं हळू. दोघींनी एकच दुखणं दोन बाजूंनी बरं केलं होतं आणि गाडीला नवं दुखणं लावलं होतं.

आम्ही एसटीनं परत निघालो. मला ते बक्षीस हवं होतं. गावी नेऊन दाखवायला काहीतरी हवं होतं. सुजाता खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "नागपूरच्या फरशीले कीड लागत नाई. आपलं वावर बाकी हाय अजून." थोड्या वेळानं म्हणाली, "आतापासून एक करू. हात लावला तं सांगजो. मी बी सांगीन. भांडन मंग करू."

त्या दिवसापासून आमच्या खोलीत ही आरोळी सुरू झाली. कोणी स्क्रू पिळला तरी ओरडायचा, "हात लावला." सर एकदा दारातून परत गेले, त्यांना वाटलं मारामारी चालू आहे.

परीक्षा झाली, निकाल लागला, आम्ही इंजिनिअर झालो. गाडीचे जे मार्क मिळायचे होते ते मिळून गेले होते. मला नागपुरात नोकरी लागली होती आणि रुजू व्हायला थोडे दिवस होते. पाऊस पडून गेल्यावर सुजाताचा फोन आला, "कपाशी गुडघ्याले आली. येतं का?" मी पिशवीत लॅपटॉप टाकला. माझे बाबा म्हणाले, "डिग्री झाली ना तुही? आता कायले जातं?" मी म्हटलं, "काम राह्यलं."

दादाराव काकांच्या वावरात आम्ही गाडी उतरवली तेव्हा धुऱ्यावर माणसं जमली होती. "दादाराव, पोरीनं ट्रॅक्टरचं पिल्लू आनलं काय?" एकानं विचारलं. दुसरा म्हणाला, "येले चारा काय टाकता, ते तं सांग." काका हसले, पण त्यांचं लक्ष गाडीकडे होतं. आठवड्यावर फवारा आला होता आणि घरात पंप धुऊन ठेवलेला मी येताना पाहिला होता.

गाडी थोडी चालली आणि ओल्या मातीत तिची चाकं जागच्या जागी गरगर फिरायला लागली. मग ती थांबली, तिनं पंप बंद केला आणि हिरवा दिवा लावला. हिरवा दिवा म्हणजे ओळ संपली. धुऱ्यावरून आवाज आला, "झालं काय?"

सुजाता मला बोलेल असं वाटलं होतं.  पण ती चिखलात उकिडवी बसून चाकाकडे बघत राहिली.

"तुहा प्रोग्रॅम चाकाचे फेरे मोजते," ती म्हणाली. "चाक इथंच फिरलं तरी त्याले वाटते, आपन चाललो."

"मग काय मोजू?"

"मोटरले जोर किती लागते ते. गाडी चालते तवा मोटर जड वढते. चाक नुसतं घसरलं की हलकी होते. मले ते तारेतल्या करंटवरून दिसते. तुह्यापर्यंत आनून देल्लं तं वाचशीन काय?"

"आणून तर दे."

आम्ही बैलगाडीच्या सावलीत बसलो. तिनं मोटरपासून एक तार काढून छोट्या बोर्डापर्यंत आणली. "हात लावला," ती म्हणाली. मोटर हलकी झाली की चाक घसरलं असं समज, फेरे मोजू नको, हळू हो आणि मग पुन्हा जोर लाव, एवढं मी प्रोग्रॅममध्ये लिहिलं. "हात लावला," मी म्हटलं. काकांनी सुजाताच्या आईला विचारलं, "ह्या काय बोलून राह्यल्या वं?" आई म्हणाली, "इंजिनिअरचं असन काही." सुजातानं पकड यावी म्हणून चाकांना सुतळी गुंडाळली, तेही सांगून.

दुसऱ्यांदा गाडी निघाली. घसरली, अडखळली, जरा थांबली, पुन्हा चालली.  ओळीच्या शेवटापर्यंत पाण्याचा फवारा दोन्ही बाजूंच्या झाडांवर पडत गेला, आणि काका बऱ्याच अंतरावरून मागे चालत होते. त्यांचे हात रिकामे होते, ते त्यांनी कधी मागे बांधले, कधी पुढे घेतले.

टोकाला गाडी थांबली. ती वळत नव्हती, हे मी लपवत नाही. आम्ही दोघींनी उचलून पुढच्या ओळीत ठेवली.

"वळत नाई?" काकांनी विचारलं.

"वळवनं टायपिस्टकडे बाकी हाय," सुजाता म्हणाली.

"तारवाल्यांनी वळणारी चाकं दिली असती तर झालं असतं," मी म्हटलं.

"भांडू नोका. मी वळवीन. तेवढं येते मले," काका म्हणाले.

मी नागपूरला रुजू झाले. पाचव्या की सहाव्या दिवशी दुपारी ऑफिसात सुजाताचा फोन आला. त्या सकाळी काकांनी खरं औषध टाकून पहिला फवारा मारला होता. पंप पाठीवर असला की झाकण कितीही आवळा, औषध पाझरतं, सदरा पाठीला चिकटतो आणि माणूस दिवसभर तसाच चालत राहतो. काका वावरातून आले तेव्हा तिनं आधी त्यांना उभं करून सदरा चाचपला होता.

"पाठ कोरडी हाय, राळेगाव," ती म्हणाली. "पुरी कोरडी."

मी उठून जिन्यात गेले, कारण शेजारी नवी माणसं बसली होती.  तिच्या मागे कोंबड्यांचा आवाज येत होता.

मग ती म्हणाली, "पन तिसऱ्या ओळीत तुह्या प्रोग्रॅमनं एक हिसका देल्ला. सुट्टी भेटली की ये, अन् नीट करून जा."

मी म्हटलं, "आधी तारा तपास."