माफीचे नियम

विद्यापीठात गुन्हेगारीशास्त्र शिकायला लागलो तेव्हा गावात माझी लय थट्टा झाली. "चोरी कराया शिकायलास का चोर धराया?" असं कुणीही विचारायचं. मी चिडून कैद्यांची सुधारणा, शिक्षेतली माफी असलं काही सांगायला गेलो की हसू आणखी वाढायचं. नीट ऐकून घेणारे एकटे आबाच. आमच्या वावराशेजारी आखाडा, म्हणजे रानातलं खोपट, करून शेळ्या-मेंढ्या राखणारे म्हातारे.

दर शनिवारी मी पिंगळी स्टेशनात उतरून त्यांच्या आखाड्यावरून घरी जायचो. त्यांची लेक त्या साली पाथरीकडच्या सासरहून परत आली होती. नवऱ्यानं तिच्या हातावर उकळतं तेल ओतलं होतं. भावकीनं बैठक घेऊन ठरवलं, की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जावई येईल आणि लेकीला घेऊन जाईल. तुला जायचंय का, हे तिला कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही. आणि म्हणे मी गुन्हेगारी शिकत होतो!

आबा बाजेवर जागा करून द्यायचे, लेक चहा ठेवून आत जायची, आणि आबांचे प्रश्न सुरू व्हायचे.

"खुनाला किती पडतात?"

"जन्मठेप."

"पुरी भोगावी लागती?"

"न्हाई आबा, चांगलं वागलं तर माफी मिळती."

"अन् सोताहून ठाण्यात गेलं तर?"

मी सांगत सुटायचो. कुणीतरी मनापासून विचारतंय, यानंच मी फुगलो होतो. खुल्या कारागृहात भिंती नसतात, कैदी शेती करतात, हेही मीच त्यांना रंगवून सांगितलं. मूर्ख कुठला!

एका शनिवारी ते म्हणाले, "शेती हाय म्हन्ल्यावर तितं शेळ्याबी असतील?"

"असतील की," मी हसलो.

ते हसले नाहीत. "म्हाताऱ्या मानसाला घेत्यात?" त्यांनी विचारलं, आणि आत वळून लेकीला हाक दिली, "पोळ्याला किती दिस ऱ्हायले गं?"

चहा तसाच ठेवून मी उठलो. घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "तोंड आवर. त्यांच्या घरचं ते बघतील." ठाण्यात जाऊन तरी काय सांगायचं? म्हाताऱ्यानं शेळ्यांची चौकशी केली म्हणून?

पोळ्याच्या आधीच्या शनिवारी मी धडधडीत खोटं बोललो. नवे कायदे आल्याचं गावात कानावर होतंच, त्याच्या आड लपलो. "आबा, आता माफी बंद झाली. खुलं कारागृहबी बंद. म्हातारा असू दे न्हाईतर कुनी, मरेपर्यंत कोठडीत." दोन वर्षं जे पाठ केलं ते एका दमात खोडून टाकलं.

आबा काठीनं माती उकरू लागले. "मंग हिच्याकडं कोन बघंल?" एवढंच बोलले आणि शेळ्यांमागं निघून गेले. मला हायसं वाटलं. सुटलो बुवा! जावयाचा जीव वाचला, म्हाताऱ्याचंही वाटोळं टळलं. मनातल्या मनात मी स्वतःची पाठ थोपटत होतो.

लेक कप न्यायला आली. इतक्या महिन्यांत ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. दाराआडून तिनं सगळं ऐकलं होतं, पहिल्या दिवसापासून.

"आबाला खोटं सांगितलं, बरं केलं," ती म्हणाली. आवाज अगदी शांत. "त्यांच्यानं झालं नसतं. वय झालंय त्यांचं."

ती कप हातात धरून उभी राहिली. तेलानं चुरगळलेला तो हात जरासुद्धा कापत नव्हता.

"पोळ्याला गावाकडं येऊ नका, भाऊ. विद्यापीठातच ऱ्हावा. म्हंजी तुमाला कुनी साक्षीला वडनार न्हाई."

आणि सांगायला लाज वाटते, मी राहिलो.