शववाहिकेतली तुळस

आई वारली ती सरकारी दवाखान्यात, सकाळी साडेनऊच्या सुमारास. आमचं गाव डिंभ्याच्या पुढं, धरणाच्या कडेकडेनं आत. तिथवर न्यायला खाजगी गाडी करणं मला शक्य नव्हतं. मी घोडेगावात वाचनालयात तासांवर काम करते आणि आई पाच महिने अंथरुणाला खिळून होती. नर्सबाई म्हणाल्या, "इथल्या सेवा मंडळाची गाडी बोलवा. ते काही घेत नाहीत."

गाडी अर्ध्या तासात आली. पांढरी, स्वच्छ धुतलेली. मला दिसेल ते वाचायची सवय आहे, म्हणून गाडीच्या मागच्या दारावरचंही सगळं वाचलं. वर मोठ्या अक्षरांत 'शववाहिका, विनामूल्य सेवा'. खाली बारीक अक्षरांत, 'मयताच्या घरी आम्ही चहापाणी घेत नाही. कृपया आग्रह करू नये.'

गाडी चालवणारे गृहस्थ पन्नाशीचे होते. त्यांचं घोडेगावातच मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं, बोटांना वार्निशचा पिवळा थर बसलेला. मंडळातले लोक पाळीपाळीनं ही गाडी चालवतात. त्या दिवशी त्यांची पाळी होती. वॉर्डातल्या माणसांच्या मदतीनं त्यांनी आईला स्ट्रेचरवर घेतलं, चादर नीट केली आणि सीटखालून एक प्लॅस्टिकचा डबा काढला. त्यात गंगाजलाची बाटली होती आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली तुळस.

"घालू ना, ताई?" त्यांनी विचारलं.

आईनं मला हे कितीतरी वेळा सांगून ठेवलं होतं. आम्ही बौद्ध. तिच्या वडिलांनी धम्म घेतला तेव्हा ती लहान होती, पण त्या दिवसापासून काय सोडलं याची तिची यादी पक्की होती. खोकला झाला की ती स्वतः तुळशीचा काढा करून प्यायची. मी हसले की म्हणायची, "खोकल्याला चालती. मेल्यावर माझ्या तोंडात घालू नका. तेवढं ध्यानात ठेव, बाकी काय बी करा."

तेवढंच ध्यानात ठेवायचं होतं. मी मान हलवली.

का हलवली, याची कारणं मी नंतर पुष्कळ जुळवली. नको म्हटलं असतं तर का नको ते सांगावं लागलं असतं. त्या दारात, लोकांसमोर, आम्ही कोण ते सांगावं लागलं असतं. ज्या माणसानं आडनावही न विचारता गाडी आणली, त्याच्या हातातलं नाकारणं कृतघ्नपणाचं वाटलं असावं. पण ही सगळी नंतरची वाक्यं. तेव्हा फक्त मान हलली. वर मी हातही जोडले, त्यांना अवघडल्यासारखं वाटू नये म्हणून. त्यांनी आईचे ओठ दोन बोटांनी हलकेच उघडले, पान ठेवलं आणि झाकणभर पाणी सोडलं. ते पाणी गालावरून ओघळलं. ते मी पदरानं पुसलं.

शिनोलीच्या पुढं रस्ता खराब आहे. प्रत्येक खड्ड्याआधी ते गाडी जवळजवळ थांबवायचे. मी काही विचारलं नव्हतं, तरी म्हणाले, "म्हाताऱ्या माणसाला धक्के लागू नयेत, म्हणून हळू घेतो." मग बऱ्याच वेळानं, "आमच्या मंडळात जात कुणी इचारत नाय, ताई. आपल्याला काय करायचं? सगळ्यांना सारखंच करतो. गंगाजल, तुळस, हार. कुणाला कमी नाय, कुणाला जास्त नाय."

सांगायची ती दुसरी संधी होती. धरणाचं पाणी दिसायला लागलं होतं. मी पाण्याकडे बघत राहिले.

घरी बायकांनी आईला आंघोळ घालायला घेतली. माझी मावशी, आईची धाकटी बहीण, तिचं तोंड पुसत होती. पुसता पुसता थांबली. बोटाच्या टोकावर पान घेऊन तिनं माझ्याकडं बघितलं.

"हे काय गं? कुणी घातलं?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. मी म्हणाले, "गाडीत ठेवताना घातलं असंल. मी आत कागदांवर सह्या करत व्हते."

इतकं सरळ आणि सविस्तर खोटं मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले.

माझा चुलतभाऊ दारातच उभा होता. तो तसाच अंगणात गेला. ते गृहस्थ स्ट्रेचर पुसून आत सरकवत होते.

"काय राव, इचारायची पद्धत हाय का नाय?" भाऊ म्हणाला. "का फुकट आणलं म्हणून कुणाच्या बी तोंडात काय बी घालायचं? आमच्यात चालत नाय हे."

त्यांनी भावाच्या खांद्यावरून माझ्याकडं पाहिलं. मी उंबऱ्यात होते. फार वेळ नाही पाहिलं. मग त्यांनी हात जोडले.

"चुकलं माझं, भाऊ. इचारायला पायजे व्हतं."

शेजारची एक बाई त्यांच्यासाठी चहा घेऊन आली. त्यांनी नको म्हटलं, ती घ्या म्हणाली, त्यांनी पुन्हा नको म्हणून हात हलवला आणि गाडीत बसले. भिंतीशी बसलेला एक म्हातारा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "त्यांची गाडी आपल्याला चालती. आपला चहा त्यास्नी चालत नाय." दोघे-तिघे हसले. गाडी वळली तेव्हा मागचं दार आमच्याकडंच होतं. ती बारीक अक्षरं कुणी वाचली नाहीत. मी वाचलेली होती.

नंतर सगळं आईला हवं तसं झालं. पांढरं वस्त्र, त्रिशरण, पंचशील. चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे. ते आलं तेव्हा मी नुसते ओठ हलवले.

पुढच्या उन्हाळ्यात मावशीच्या शेजारचा माणूस वारला. धरणात मासेमारी करायचा. त्याच दवाखान्यात गेला, जवळ फक्त त्याची बायको. मी त्याच्या दिवसांना, जलदानाच्या विधीला गावी गेले तेव्हा तिच्या दोन्ही कोपरांवर खपल्या धरलेल्या दिसल्या. मी मावशीला विचारलं.

"पिकअपात आणला ना त्याला," मावशी म्हणाली. "टमाट्याची रिकामी गाडी येत व्हती. ही मागं बसली, त्याचं डोकं मांडीवर घेऊन. वळणाला वळणाला फळीवर आपटत आली बिचारी."

"मंडळाची गाडी होती की."

"हिचा फोन आला तवा मीच नको म्हणले. तुझ्या आईचं काय केलं त्यांनी, इसरलीस का?"

मी विसरले नव्हते. पण तिथं अंगणभर माणसं होती आणि मी पुन्हा गप्प बसले. दुसऱ्या दिवशी घोडेगावात त्यांच्या दुकानात गेले. ते मोटारीत तार भरत होते. मला बघून त्यांनी तार खाली ठेवली, म्हणजे ओळखलं.

मी म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही मला विचारलं होतं. मी हो म्हटलं होतं."

"व्हय, इचारलं व्हतं," ते म्हणाले. "मग म्हटलं, दुखातली मान. हलली आसंल."

"तुम्ही माझ्यामुळं ऐकून घेतलंत."

"आई गेलेली तुमची. त्या अंगणात तुमाला खोटं पाडून मी कुठं जाणार व्हतो?" त्यांनी समोरच्या टपरीकडं दोन बोटं दाखवून चहा सांगितला. "तवापासून मी 'घालू ना' इचारत नाय. 'तुमच्यात काय करत्यात' असं इचारतो. दोघं-तिघं चिडले. म्हणले, जात काढता काय. पण 'घालू ना' म्हटलं की सगळेच मान हलवत्यात, ताई. त्या वक्ताला नाय कोण म्हणतंय? आदी किती जणांना तसंच घातलं आसंल, काय ठाऊक."

मग मी पिकअपचं सांगितलं. चहा आला. मी घेतला, त्यांनी घेतला नाही.

"गाडी त्या दिवशी इथंच उभी व्हती," ते शेवटी म्हणाले. "मला सांगून काय उपेग? तिथं सांगा."

रविवारी गावी गेले. मावशी ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी पहिल्यापासून सांगितलं. मान हलवली, हात जोडले, पाणी पुसलं, सह्या करत नव्हते, चहाबद्दल दारावर लिहिलेलं होतं. ती निवडतच राहिली. खडे बाजूला टाकायची तिची बोटं तेवढी मंदावली.

"तिनं तुला एकच गोष्ट सांगितली व्हती," ती म्हणाली.

"हो."

"आन मी सगळ्या वस्तीत त्या माणसाला शिव्या घालत फिरले." तिनं सूप खाली ठेवलं. "त्याचा नंबर विहाराच्या भिंतीवर लिही. खाली लिही, आपल्यात तुळस घालत नाय म्हणून. म्हंजे तुझ्यावानी कुणाचं तोंड उघडलं नाय, तरी चालंल."

मी लिहिते म्हणाले.

"आन तिला कोण सांगणार?" तिनं शेजारच्या दाराकडं हनुवटी केली. "मी नाय सांगायची."

दार उघडं होतं. मी उंबऱ्याशी उभी राहिले तेव्हा ती बाई जाळं गुंडाळत बसली होती, बहुधा विकायला. खपल्या पडून कोपरांवर गुलाबी डाग राहिले होते. मी काही बोलायच्या आत ती उठली. "बसा ना," म्हणाली, आणि माझ्यासाठी पाणी आणायला आत गेली.