मास्तरांनी न वाचलेला पंचनामा

पोलिसांनी पंच म्हणून नेले की मास्तर आधी जागा मोजत. गळ्यातली कापडी टेप काढायची, एक टोक मला धरायला द्यायचे आणि दार, खिडकी, कपाट, जे काही कागदावर येणार असेल ते इंचांत मोजायचे. फौजदार वैतागत. "मास्तर, हा चोरीचा पंचनामा आहे, पँटचं माप नाही," असे एकाने सुनावले तेव्हा मास्तर म्हणाले, "पँटचं चुकलं तर मी उसवून देतो, साहेब. ह्याचं कोण उसवून देणार?"

मास्तर म्हणजे शिंपी. नाशिकमधल्या एका पोलीस ठाण्यासमोर त्यांचे दुकान होते आणि दुकानाला लागून आमची पाटबंधारे खात्याची कचेरी. ठाण्याचे नाव लिहीत नाही. ते एकच ठाणे तसे होते असा समज व्हायला नको. पोलिसांनी कोणाच्या घरातून काही जप्त केले तर ते दोन प्रतिष्ठित, त्रयस्थ माणसांसमोर करावे आणि त्यांच्या सह्या घ्याव्यात, असा नियम आहे. ही दोन माणसे म्हणजे पंच. कोणी आपखुशीने पंच होत नाही. झाले तर पुढे तीनचार वर्षे कोर्टाच्या तारखा मागे लागतात. म्हणून प्रत्येक ठाण्याचे ठरलेले पंच असतात. आमच्या ठाण्याचे दोन होते. एक मास्तर, कारण ते हाकेच्या अंतरावर होते आणि पोलिसांचे गणवेश शिवत होते. दुसरा मी, कारण सरकारी कारकुनाला नाही म्हणता येत नाही.

सह्या करून मोकळे होणारे पंच मी पुष्कळ पाहिले आहेत. मास्तर तसे नव्हते. सगळा मजकूर ते हवालदाराकडून मोठ्याने वाचून घेत आणि मध्येच थांबवत. "'आरोपी पळून जात असताना' हे काढा. मी आलो तेव्हा तो बसला होता." हवालदार म्हणे, "मास्तर, तसं लिहायची पद्धत आहे." मास्तर म्हणत, "पद्धत तुमची, सही माझी." शब्द खोडला जाई, खोडलेल्या जागी मास्तरांची आद्याक्षरे पडत आणि मगच खाली सही.

एकदा एका व्यापाऱ्याने खिडकीतून चोर शिरल्याची तक्रार दिली. मास्तरांनी दोन गजांमधले अंतर मोजले. साडेपाच इंच. ते व्यापाऱ्याला म्हणाले, "शेठ, यातून माझी कात्री जाईल. चोर जायचा नाही." शेठचा चेहरा उतरला. तिसऱ्या दिवशी माल त्यांच्या मेव्हण्याच्या घरी सापडला. तेव्हापासून फौजदार मास्तरांवर कुरकुरत, पण नेत त्यांनाच. मास्तरांच्या सहीचा पंचनामा कोर्टात टिकतो, हे त्यांना कळले होते.

कोर्टाच्या तारखेला ते काजे करायचे राहिलेले शर्ट बरोबर नेत. बाहेरच्या बाकावर बसून दिवसभर काजे करायची, संध्याकाळी शिपायाने "पुढली तारीख" म्हटले की सुई टोपीत खोचून निघायचे. एका सायकलचोरीच्या खटल्यात आम्ही दोघे अकरा वेळा जाऊन तसेच परत आलो. अकरा मी मोजले आहेत. बाराव्या वेळी कळले की आरोपी केव्हाच मेला आहे. मी संतापलो. मास्तर म्हणाले, "भाऊसाहेब, तुम्हाला पगार चालू आहे. राग मला यायला पाहिजे. पण माझे चार शर्ट झाले."

आता ज्यासाठी हे लिहायला घेतले ते सांगतो. ऐंशी सालच्या आसपासची दिवाळी. मास्तरांकडे पोरांच्या कपड्यांचा ढीग, त्यात ठाण्याचे गणवेश. बारा वर्षे ओळखीचा हवालदार कागद घेऊन दुकानात आला. एकलहऱ्याच्या बाजूला कुणा ठेकेदाराची तांब्याची तार चोरीला गेली होती, ती सापडली, आरोपी धरला, तुम्ही कामात म्हणून कागद इथेच आणला, असे त्याने सांगितले. मास्तर म्हणाले, वाचा. त्याने पहिल्या दोन ओळी वाचल्या. तेवढ्यात एक गिऱ्हाईक भांडायला आले. मास्तरांनी मशीनवरच सही केली.

मग हवालदार माझ्याकडे आला. मी काय माणूस होतो ते सांगतो. कालव्याच्या पाण्याच्या पातळीचे आकडे दोनदा ताडून पाहिल्याशिवाय मी वर पाठवत नसे. अर्ध्या इंचाच्या फरकासाठी मी मोजणीदाराला पुन्हा कालव्यावर पाठवले आहे. आणि या कागदावर मी मास्तरांची सही पाहिली आणि तिच्या खाली माझी केली. मास्तरांनी सही केलेला कागद आपण कशाला वाचायचा, असे मला वाटले.

चार महिन्यांनी एक बाई कडेवर पोर घेऊन दुकानाच्या पायरीशी उभी राहिली. मी तिथेच होतो. ती काशिनाथची बायको. काशिनाथ म्हणजे त्या तारेच्या चोरीत धरलेला आरोपी, ठेकेदाराकडचा मजूर, सिन्नरच्या बाजूचा, बौद्ध. त्या भागात काहीही चोरीला गेले की पोलीस आधी त्यांच्याच वस्तीत जात. ती ओरडली नाही. तिने विचारले, "मास्तर, तुमी आमच्या घरी कधी आले व्हते?"

मास्तर म्हणाले, "मी नाही आलो, बाई."

"मंग कागदात कसं हाय, का तुमच्यासमोर घरातली चूल उकरून तार काढली? आमची चूल तर भायेर हाय."

मास्तरांनी मशीन थांबवले. त्या रविवारी ते आणि मी तिच्या झोपडीवर गेलो. नऊ फूट बाय सात फूट. आत चूल नव्हती, कधी असल्याची खूण नव्हती. जमीन कुठेही उकरलेली नव्हती. बाहेर पत्र्याच्या आडोशाला तीन दगड.

दुसऱ्या दिवशी ते ठाण्यात गेले. पंचनामा खोटा आहे, मी जागेवर गेलो नव्हतो, माझा जबाब घ्या, म्हणाले. फौजदाराने त्यांना बसवले, चहा मागवला आणि विचारले, "सही तुमचीच ना? मग खोटं कोण, मी की तुम्ही?" मास्तरांनी अर्ज लिहून दिला. तो घेतला, पण पोच दिली नाही. त्याच महिन्यात गणवेश दुसऱ्या शिंप्याकडे गेले.

काशिनाथला जामीन मंजूर झाला होता, हे ऐकून लोकांना आजही आश्चर्य वाटते. मंजूर झाला होता, पण जामीन राहायला घर किंवा शेत असलेला माणूस लागतो. त्याच्या ओळखीत तसा कोणी नव्हता. मास्तर स्वतः राहायला तयार झाले, तर काशिनाथचा वकील म्हणाला, सरकारी पंच आरोपीला जामीन राहतो का कुठे, आणि तुमचे दुकान तर भाड्याचे. त्यामुळे काशिनाथ कच्चा कैदी म्हणून आत राहिला. चारशे सव्वीस दिवस. गुन्हा कबूल केला असता तर याच्या अर्ध्यात सुटला असता, असे त्याच्याच वकिलाने मला सांगितले. तो कबूल करत नव्हता म्हणून आत होता, हे माझ्या डोक्यातून आजही जात नाही.

साक्षीच्या दिवशी आम्ही दोघे बाहेरच्या बाकावर बसलो. त्या दिवशी मास्तरांनी काजांचे काम आणले नव्हते. आधी त्यांना आत बोलावले. आत काय झाले ते मला काशिनाथच्या वकिलाने नंतर शब्दशः सांगितले. मास्तर म्हणाले, सही माझी आहे, मजकूर मी वाचला नाही, जागा मी पाहिली नव्हती. सरकारी वकिलाने त्यांना फितूर ठरवण्याची परवानगी मागितली, ती मिळाली आणि तो त्यांच्यावर तुटून पडला. आरोपीने तुम्हाला किती दिले, असे त्याने विचारले.

मास्तर म्हणाले, "साहेब, त्याला चौदा महिने जामीन राहायला माणूस मिळाला नाही. मला द्यायला त्याच्याकडे काय होतं?"

आधीच्या किती पंचनाम्यांवर अशाच सह्या केल्यात, असेही विचारले. मास्तर म्हणाले, "ही एक. पण एकसुद्धा का केली, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही."

त्यानंतर सरकारी वकिलाने मला बोलावलेच नाही. शिपाई बाहेर येऊन म्हणाला, तुम्ही घरी जा.

काशिनाथ सुटला. आठवड्याभराने दुकानात आला. मास्तरांनी स्टूल पुढे केले. तो बसला नाही. "खरं बोलले तुमी, मास्तर. पन पोरगी मला वळखत नाय. मी हात पुढं केला का आईमागं लपती." एवढे बोलून तो गेला. त्याने आभार मानावेत अशी मास्तरांची अपेक्षा नव्हती, पण त्या संध्याकाळी त्यांनी दिवा लावला नाही आणि दुकान लवकर बंद केले.

पुढचे सगळे अपेक्षेप्रमाणे झाले. दुकानाची फळी रस्त्यावर येते म्हणून दर पंधरवड्याला ठाण्यातला शिपाई येऊ लागला. ती फळी अठरा वर्षे तिथेच होती. गल्लीत बोलणे सुरू झाले की मास्तरांनी चांगले हात ओले केले. ज्या लोकांचे कपडे त्यांनी उधारीवर शिवले होते, तेच हे बोलत होते. हवालदाराची बढती झाली. फौजदार बदलून गेला, तोही वरच्या जागेवर. तो पंचनामा कोणी लिहिला, तार कुठून आली, चुलीची जागा कोणाच्या डोक्यातून निघाली, हे कोणत्याही साहेबाने कोणालाही विचारले नाही. मी विचारून पाहिले. आमच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारले की निवृत्तीला किती वर्षे आहेत.

हल्ली वर्तमानपत्रांत खटले का सुटतात यावर लेख येतात. अभ्यासक कोर्टांतले कागद चाळतात, तक्ते करतात. त्यात एक रकाना असतो, पंच फितूर झाल्यामुळे सुटलेले खटले. मी आकड्यांचा माणूस आहे. तक्ता दिसला की आधी बेरीज तपासतो. ती बरोबर असते. पण त्या रकान्यात मास्तर बसले आहेत, आणि त्यांच्या शेजारी खरोखर पैसे खाऊन उलटलेला माणूस बसला आहे, आणि दोघांचा मिळून आकडा दोन. न घडलेले पाहिल्याची सही केली तोवर मास्तर प्रतिष्ठित पंच होते. घडलेले सांगितले त्या दिवशी फितूर झाले. खोट्या पंचनाम्यांचा रकाना मला अजून एकाही तक्त्यात दिसलेला नाही.

दोन वर्षांनी मास्तरांनी दुकान सोडले. घोटीला त्यांची मुलगी दिली होती, तिच्याकडे निघाले. मशीन टेम्पोत चढवायला मी हात लावला. ते सुतळी बांधत होते. तेव्हा मी म्हटले, "मास्तर, त्या दिवशी मला आत बोलावलं असतं तर मी सही आणि मजकूर दोन्ही बरोबर आहेत असंच सांगणार होतो. साहेबांनी आदल्या दिवशी दम दिला होता."

"ठाऊक आहे," मास्तर म्हणाले. "आदल्या संध्याकाळी तुम्ही दुकानावरून न थांबता गेलात."

"मग मला बोलला का नाहीत?"

त्यांनी गाठ मारली आणि ओढून पाहिली. "काय बोलायचं? माझी सही बघून तुम्ही केलीत, भाऊसाहेब. तुमचं खोटं मीच शिवून दिलं होतं."

टेम्पो गेला. ती भेट शेवटची. तीन वर्षांनी त्यांच्या जावयाचे कार्ड आले, मास्तर गेल्यानंतर बारा दिवसांनी.

मागे एकदा ओळखीच्या वकिलाकडून मी त्या खटल्याचे कागद मिळवून पाहिले. हवालदार, फौजदार, सरकारी वकील, मी, एवढ्यांपैकी कोणीही त्या चौदा महिन्यांतला एक दिवसही आपल्या नावावर घेतला नव्हता. ज्याने सगळे घेतले त्याच्या नावापुढे फितूर लिहिले आहे. माझ्या नावापुढे लिहिले आहे, तपासण्याची आवश्यकता नाही.